दाराआडून ऐकलेले रंग

माझ्या वर्गात एखादी मुलगी ‘समजा’ म्हणून बोलायला लागली की मी तिला थांबवते. गणितात चालेल. समजा एका हौदाला दोन नळ आहेत, ठीक आहे. पण माणसाविषयी बोलायचं असेल तर तो कोण ते सांगायचं, त्याला काय झालं ते सांगायचं आणि खाली बसायचं. नव्या शिक्षिकांना माझा हा नियम विचित्र वाटतो. त्यामागचं कारण मी शाळेत कधी सांगितलं नाही. इथे सांगते, आणि राग आवरून सांगण्याचा माझा इरादा नाही.

लग्नानंतर मी छिंदवाडा जिल्ह्यातल्या सौंसरला आले. घरात माझा नवरा, माझे भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि जाऊबाई. भासरे हायस्कुलात विज्ञान शिकवत. माणूस हुशार होता, यात वाद नाही. दर रविवारी जेवणं आटोपली की ते ओसरीवर बसत. माझा नवरा, शेजारचे कापडवाले आणि आणखी एक-दोघं जमत, आणि भासरे एक कल्पना मांडत. समजा, माणसाला एक डोळा टाळूवर असता, तर टोपी कोणी घातली असती का? समजा, नाक तळपायाला असतं, तर बाजाराच्या दिवशी गुरांच्या बाजारातून कोण चाललं असतं? समजा, उजेड बैलगाडीच्या चालीनं आला असता. मग पलीकडच्या रामाकोना गावची सकाळ सौंसरात जेवणाच्या वेळेला पोचली असती, आणि तिकडे पेटलेली गंजी आपल्याला दिसेपर्यंत तिची राख झाली असती. लोक हसत, वाद घालत, मध्येच कोणीतरी डोकं धरून बसे. मीही हसायची. त्या वेळी मला ते सगळं फार आवडायचं, हे लिहून ठेवते. खोटं कशाला बोला.

मी हसायची ती दाराआडून. भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्या समोर तोंड उघडं ठेवून उभं राहायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. इन्स्पेक्टर आले की त्यांच्याशी खुर्चीवर बसून बोलत होते. घरी आले की डोक्यावर पदर. भासऱ्यांना भाजी हवी का, हे मी जाऊबाईंना विचारायचं, जाऊबाई तीन हातांवर बसलेल्या त्यांना विचारणार, ते जाऊबाईंना सांगणार, “तिला म्हणा, थोडी वाढ.” मी ते ऐकलेलं असायचं, पण जाऊबाईंनी पुन्हा सांगेपर्यंत पळी हातात धरून थांबायचं. अशी आठ वर्षं गेली. आम्हा दोघांत एक वाक्य सरळ गेलेलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ आमच्याकडेच राहायचा. माहेर बोरगावचं, संत्र्याची बाग आणि थोडी पऱ्हाटी, म्हणजे कापूस. तिथे हायस्कूल नाही म्हणून तो माझ्याकडे आला. अभ्यासात बरा, बोलायला कमी, आणि संत्री तोडण्यात पटाईत. आमच्या बागेत फळ रंगावर तोडत नाहीत. आंबिया बहाराचं संत्रं वरून हिरवं असतानाच पुष्कळदा आतून गोड झालेलं असतं. तोडणारा फळ मुठीत धरतो, अंगठ्यानं साल दाबतो, साल आतून सुटलेली लागली की देठ कापतो. भावाला हे दहाव्या वर्षी मोठ्या गड्यांपेक्षा चांगलं यायचं. बाबा लोकांना कौतुकानं सांगत, “डोये मिटून तोडते माया पोरगा.” खरंच तसं होतं. जिथे फळाचा रंग पाहून भाव ठरतो अशा मुलखात तो जन्मला असता तर त्याच वर्षी पकडला गेला असता आणि आम्ही वेळेवर सावध झालो असतो. आमच्या गावात मात्र त्याला शाबासकी मिळाली.

त्याच्या मॅट्रिकच्या सुमाराला ओसरीवर एक नवी कल्पना आली. मी आत तांदूळ निवडत होते. भाऊ ओसरीच्या पायरीवर बसला होता.

“समजा, एक पोरगा आहे,” भासरे म्हणाले. “त्याला लाल न् हिरवा एकच दिसते. पण लहानपणापासून लोकांनी सांगितलं, पान हिरवं, रक्त लाल. तो तसंच म्हणते. आता सांगा, हे कोणाला कळन कसं?”

कापडवाले म्हणाले, “माया दुकानात पाठवा त्याले. लाल लुगडं काढ म्हणा. दोन मिनिटांत कळते.”

“तो तुमच्या तोंडाकडे पाहून काढन. तुमची नजर आधी ज्या लुगड्यावर जाईल ते लाल.”

“म्हणजे गिऱ्हाईक मले पाहून राहिलं, कपड्याले नाही? मग तं मी आरशात पाहून येतो बाप्पा.”

“त्याची बायको मात्र सुखी,” माझा नवरा म्हणाला. “कोणतंही लुगडं नेसली तरी पठ्ठ्या म्हणन, छान.”

हसणं थांबल्यावर भासरे पुढे सरसावले. “मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की तुमचा लाल तुम्हाला कसा दिसते, हे मला तरी काय माहीत? मला जे हिरवं दिसते ते तुम्हाला लाल दिसत असन. दोघंही त्याला हिरवंच म्हणून राहिलो. दुसऱ्याच्या डोळ्यात जाऊन बसता येत नाही. म्हणून हे कोणालाच कळू शकत नाही. डॉक्टरलाही नाही.”

मी तांदळातला खडा काढला आणि मनात म्हटलं, खरंच की.

ती कल्पना त्यांनी सोडली नाही. पुढच्या रविवारीही तोच पोरगा. कधी तो लढाईवर गेला, कधी त्याचं लग्न झालं. एकदा म्हणाले, “समजा, त्या पोराला त्याच्या घरच्यांनी रेल्वेत पाठवायचं ठरवलं.” त्या दिवशी त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, आणि तोंड दाराकडे होतं. कापडवाल्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं. मला वाटलं त्यांच्यासाठी असेल.

रेल्वे माझ्या डोक्यातून निघाली होती. मी याद्या करणारी बाई आहे. कोणताही निर्णय घ्यायचा तर वहीच्या पानावर मधोमध रेघ, एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. भाऊ मॅट्रिक झाला तेव्हा छिंदवाड्याहून शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं. जागा मिळाली होती. पण ते भाषावार प्रांत पाडण्याच्या चर्चेचे दिवस होते. नागपूर आपल्या राज्यातून जाणार, मराठी मुलूख तिकडे जोडणार आणि आम्ही मराठी बोलणारे सौंसर-पांढुर्ण्याचे लोक इकडेच राहणार, असं रोज कोणीतरी नव्यानं सांगे. स्वातंत्र्य आलं तेव्हा मी शाळेच्या पटांगणात झेंड्याखाली मुलींना ओळीत उभं केलं होतं. तेव्हा आमची सगळी सरकारी कामं नागपूरला होत, कारण राजधानी तिथेच होती. आता माझं स्वतःचं सर्व्हिस बुक कुठल्या गावच्या कपाटात जाऊन पडणार, हेही मला कोणी सांगू शकत नव्हतं. मी पानावर लिहिलं, शिक्षण खातं राज्याचं, राज्य बदलणार. रेल्वे मात्र होती तिथेच राहणार, रूळ काही कोणी उचलून नेत नाही. पांढुर्ण्याला मोठी लाइन, तिथे माझे मामा, राहण्याची सोय. फायद्यांची बाजू भरली. छिंदवाड्याला ‘येऊ शकत नाही’ असं पत्र मी माझ्या अक्षरात लिहिलं आणि खाली भावाची सही घेतली. सांगितलं तिथे त्यानं ती केली.

दोन वर्षं त्याचा अभ्यास चालला. मी त्याला पांढुर्ण्याला मामांकडे पाठवलं, स्टेशनवर बसून काम पाहा म्हटलं. दिवसा सिग्नलचा हात वर आहे की खाली, हे पाहून तो सगळं बरोबर सांगायचा. मामांनी कळवलं, पोरगा तयार आहे. लेखी परीक्षा तो पास झाला. घरात पेढे आले. भासऱ्यांनीही घेतला. दोन बोटांत धरून खाल्ला, आणि त्या रविवारी ओसरीवर कल्पना मांडली नाही. डोकं दुखतं म्हणाले.

मग नागपूरला डॉक्टरी तपासणी झाली. राज्य बदलून थोडेच दिवस झाले होते. सकाळच्या गाडीनं गेलेला भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून स्वयंपाकघरात उभा राहिला.

“काय झालं?”

“नापास.”

“कशात? वजनात?”

“डोयात.”

“तुझे डोळे तर घारीसारखे आहेत रे.”

“टेबलावर लोकरीच्या गुंड्या होत्या. पाच-पन्नास. एक उचलून म्हणे, अशा सगळ्या निवडून काढ. मी काढल्या. मंग दुसरी देली, मंग तिसरी. पाच मिनिटंबी नाही लागले, ताई. डॉक्टरनं वरतंबी पाह्यलं नाही. शिक्का मारला.”

मला अजून कळत नव्हतं. “पण कोणत्या निवडल्या तू?”

“तेच तं. मले सारख्याच दिसून राहिल्या होत्या. लाल, हिरव्या, भुऱ्या, सगळ्या.”

मी पाटावर बसले. मग विचारलं, “तुला हे माहीत होतं?”

“सरनं सांगितलं होतं ना.” सर म्हणजे माझे भासरे. “नववीत मी वहीत फुलझाड काढलं होतं. पानं तपकिरी रंगवली. सरनं वर्ग सुटल्यावर थांबवलं, रंगीत खडू देले, हा कोणता, तो कोणता, लय वेळ विचारलं. मंग म्हणे, वा, हे तं फार मजेचं आहे. घरी बोलू नको, उगीच घाबरतीन.”

“मग परीक्षेला बसलास काहून? मला बोलला काहून नाही?”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्न मीच मूर्खासारखा विचारला होता. “सर दर रविवारी सांगत होते ना, कोणालेच कळू शकत नाही. डॉक्टरलेबी नाही. मले वाटलं खरं असन. इतके शिकलेले हायेत.”

एकोणीस-वीस वर्षांच्या मुलानं एका विद्वान माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवला आणि दोन वर्षं जीव तोडून अभ्यास केला. आणि लोकरीच्या गुंड्यांपुढे ते बोलणं पाच मिनिटं टिकलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यात म्हणे बसता येत नाही! बसायची गरजच काय? टेबलावर गुंड्या ठेवा आणि निवड म्हणा. ज्याला खरंच कळून घ्यायचं असतं तो असं करतो. आणि हे भासऱ्यांनाही ठाऊक होतं, कारण त्यांनी खडूंनी नेमकं तेच केलं होतं.

मी उठले. जाऊबाई मधल्या दारात होत्या. माझा चेहरा पाहून म्हणाल्या, “काय सांगायचं आहे? मी सांगते त्यांना.”

“नको. आज मीच सांगते.”

भासरे ओसरीवर वह्या तपासत बसले होते. मी उंबरा ओलांडून त्यांच्यासमोर उभी राहिले. पदर डोक्यावरून केव्हा घसरला ते मला कळलं नाही, आणि कळल्यावर मी तो वर घेतला नाही.

“दादा, तुम्हाला माहीत होतं.”

त्यांनी माझ्या मागे जाऊबाईंकडे पाहिलं. “तिला म्हणा, आत जा. आपण नंतर बोलू.”

“मलाच म्हणा. मी इथेच उभी आहे.”

त्यांनी टोपण लावून पेन बाजूला ठेवलं. अजूनही जाऊबाईंकडेच पाहत म्हणाले, “मी सांगितलं होतं. एक रविवार नाही, कितीतरी. रेल्वेचंसुद्धा सांगितलं, दाराकडे तोंड करून, मोठ्यानं. ऐकू येत नव्हतं का आत?”

खरं सांगायचं तर मला तो रविवार आठवला. ऐकू येत होतं. त्या माणसानं माझ्याशी बोलायचा प्रयत्न केला होता, त्याला रिवाजात जेवढं बसत होतं तेवढा. आणि मी तांदूळ निवडत हसले होते. हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. पण माझी चूक माझ्याजवळ. त्यानं त्यांची चूक कमी होत नाही.

“तुम्ही सांगितलं नाही. तुम्ही खेळ मांडला.”

“थेट कसं सांगणार? भावाच्या बायकोशी मी बोलू? आणि तुझ्या माहेरचा पोरगा.” हे ‘तुझ्या’ त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. “उद्या बोरगावचे लोक म्हटले असते, फुकट ठेवून घेतलं आणि वर खोड काढली.”

“जाऊबाईंना सांगता आलं असतं. तुमच्या भावाला सांगता आलं असतं. चिठ्ठी लिहून चुलीजवळ ठेवता आली असती. मी मास्तरीण आहे दादा, मला वाचता येतं. त्या पोराला तरी म्हणायचं होतं, बाबा, रेल्वेत घेणार नाहीत, छिंदवाड्याची जागा सोडू नको. त्यात कोणता रिवाज आड आला? तो तर रोज तुमच्या पायरीवर बसत होता.”

त्यांनी पेन पुन्हा हातात घेतलं.

“मी सांगते काहून नाही सांगितलं ते. सांगितलं असतं तर तुमची रविवारची गंमत संपली असती.”

तेवढ्यात माझा नवरा आतून आला. “अगं, काय बोलून राहिली तू दादाला!” म्हणाला. मी त्याला म्हटलं, “तूही त्या पोराच्या बायकोवर विनोद केला होतास. खाली बस.” तो खरंच बसला.

भासऱ्यांनी वह्यांचा गठ्ठा सारखा केला. मग, जाऊबाईंना मध्ये न घेता, मला विचारलं, “आता काय करायचं म्हणतेस?”

मला तेवढंच हवं होतं. “उद्या सकाळी छिंदवाड्याची मोटार आहे. कोट घाला. तुमची तिथे ओळख आहे, शिक्षण खात्यात लोक तुम्हाला मानतात. तुम्ही, मी आणि तो.”

त्या मोटारीत मी खिडकीशी बसून स्वतःला शिव्या देत होते. भाऊ रोज सकाळी विचारायचा, “ताई, आज कोणता सदरा घालू?” मला वाटायचं, मायेनं विचारतो, आई जवळ नाही म्हणून. मी काढून द्यायची. तिखट जास्त झालं की भाजीच्या रंगावरून बाकीच्यांना कळायचं, त्याला पहिल्या घासापर्यंत नाही; आम्ही हसायचो. माझ्या वहीत घरातल्या भांड्यांचीसुद्धा यादी होती. भाऊ समोर होता आणि त्याच्या डोळ्यांबद्दल एक ओळ नव्हती.

छिंदवाड्याच्या कचेरीत पाट्या नव्यानं रंगवल्या होत्या. अर्ज हिंदीत लिहून द्या म्हणाले. बाबू तरुण होता, जबलपूरकडचा असावा. भाऊ आमच्या मागे भिंतीला टेकून उभा. भासरे खाकरले आणि म्हणाले, “समझ लीजिए, एक लड़का है...”

मी तिथेच त्यांना थांबवलं. “दादा, तुम्ही बाकावर बसा.” आणि बाबूला माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, “ये मेरा भाई है। इसको लाल और हरा अलग नहीं दिखता। रेलवे ने नहीं लिया। दो साल पहले आपके यहाँ जगह मिली थी, मैंने मना किया। गलती मेरी थी, इसकी नहीं।”

बाबूनं भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तो पढ़ाने में क्या दिक्कत है?”

“कुछ नहीं।”

एका मिनिटात मांडून झालं. दोन वर्षं ज्या गोष्टीला घरात शब्द सापडला नव्हता, ती.

त्या सालची जागा भरली होती, पुढच्या सालासाठी त्याचं वय जास्त होत होतं. भासऱ्यांनी आत जाऊन साहेबांना गाठलं, आणि तेवढं काम त्यांनी मन लावून केलं, हे मी कबूल करते. रामाकोन्याच्या पलीकडे एका खेड्यात एकशिक्षकी शाळा बंद पडून होती. साहेब म्हणाले, तिथे प्रशिक्षणाशिवाय तात्पुरता मास्तर म्हणून घेऊ, काम बरं वाटलं तर खातं पुढे प्रशिक्षणाला पाठवेल. पाठवलं, पण चार वर्षांनी.

लोक म्हणतात, झालं ना शेवटी, चांगला गुरुजी झाला, मुलं नाव काढतात. मी त्यांना सांगते, ज्यांच्याबरोबर त्याला पहिलं पत्र आलं होतं ते आज हेडमास्तर आहेत, आणि माझा भाऊ त्यांच्या हाताखाली हजेरी भरतो. ती वर्षं कोणी परत दिली नाहीत. भासरे वारले तेव्हा बसायला आलेल्या प्रत्येकानं त्यांच्या बुद्धीची तारीफ केली. मी चहा देत होते. एकालाही मी होकार दिला नाही.

त्या दिवशी छिंदवाड्याहून परतताना मोटार घाट उतरून सपाटीला लागली होती. ऊन कललेलं. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, मध्ये पऱ्हाटी. भासरे पुढच्या बाकावर होते. काम झालं म्हणून त्यांना जरा मोकळं वाटत असावं. ते मागे वळले, भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर बोट केलं. त्यांच्या डोळ्यांत रविवारी यायची तशी चमक आली होती.

“आता इतकं झालंच आहे तर एक सांग,” ते म्हणाले. “ही बाग तुला नेमकी कशी दिसून राहिली?”

मी तोंड उघडणार होते. भावानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

“सर, मले झोप आली,” तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.